जप्त झालेली बंदूक : विकायची की वितळवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टात आमच्याकडे येतात ते धुऱ्याचे (शेताच्या बांधाचे), वाटणीचे आणि दारू पिऊन झालेल्या डोकेफोडीचे खटले. बंदुकीचं प्रकरण एखादंच. पण पेपरात ‘देशी कट्ट्यासह दोघे जेरबंद’ अशी बातमी आली की बाररूमपासून चहाच्या टपरीपर्यंत तेच ते प्रश्न सुरू होतात, आणि त्यातले निम्मे चुकीच्या समजावर उभे असतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. वऱ्हाडीत विचारलेले वऱ्हाडीतच.

माझं मत आधीच सांगतो. कोर्टाने सरकारजमा केलेली बंदूक विकू नये, तोडावी, आणि तोडल्याचा कागद मागणाऱ्याला दाखवता आला पाहिजे. मात्र ज्याची परवान्याची बंदूक ठाण्यात नुसती जमा आहे, त्याच्या मालाला कोणी हात लावू नये.

जप्त, जमा आणि सरकारजमा हे सगळं एकच ना?

नाही, आणि बहुतेक घोळ इथेच होतो.

जप्त म्हणजे गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी पंचासमक्ष ताब्यात घेतलेली. मालकीचा निकाल अजून लागायचा असतो. बंदूक पुरावा म्हणून ठेवलेली असते.

जमा म्हणजे परवान्याची मुदत संपली, परवाना निलंबित किंवा रद्द झाला, परवानाधारक वारला, अशा कारणाने बाळगणं बेकायदा ठरलं म्हणून जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ठेवलेली. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ याचं आहे. इथे बंदूक तुमचीच राहते. ठरलेल्या मुदतीत परवाना मिळवून ती परत घेता येते, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत गेली आणि काहीच केलं नाही, तर जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करण्याचा आदेश काढू शकतात.

सरकारजमा म्हणजे मालकीच सरकारकडे गेली. एक रस्ता वर सांगितलाच. दुसरा कलम ३२ चा : आरोपी दोषी ठरला की कोर्ट ते हत्यार सरकारजमा करू शकतं. कोर्टाने कलम ३२ खाली असा आदेश दिला असेल, तर कलम २१ मधली परत घेण्याची किंवा विकण्याची सवलत लागू होत नाही.

विकायचं की तोडायचं हा वाद फक्त या तिसऱ्या ढिगाचा आहे.

खटला चालू असेपर्यंत बंदूक राहते कुठे?

मुद्देमाल खोलीत. काही ठाण्यांत ती खोली म्हणजे जिन्याखालची जागा असते. आत मोहफुलाच्या दारूचे कॅन, चोरीच्या मोटारी पंपांच्या केबल, रक्ताचे कपडे, सट्टापट्टीच्या चिठ्ठ्या, आणि त्यातच पांढऱ्या कापडात शिवलेली एक लांबट वस्तू. शिवणीवर लाखेचं सील, वर चिठ्ठी : गुन्हा नंबर, कलम, तारीख, पंचांच्या सह्या. कापड उंदरांनी कुरतडलेलं आणि चिठ्ठीवर वाळवीने नकाशा काढलेला मी पाहिला आहे. कोर्टात पंचाला विचारलं, ‘हीच का ती?’ तर त्याला आपली सही वाचता येईना. बचाव पक्षाला आणखी काय हवं होतं!

बंदूक मधल्या काळात प्रयोगशाळेतही जाऊन येते. ती चालू स्थितीत आहे का, घटनास्थळी सापडलेलं काडतूस तिच्यातूनच उडालं का, हे बॅलिस्टिक तज्ज्ञ सांगतात. आपल्या बाजूचा माल नागपूरला किंवा अमरावतीला पाठवतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरीही लागते (कलम ३९). एकेक कागद यायचा आणि तोवर बंदूक कापडात पडून.

एवढे दिवस ठेवायचीच कशाला? फोटो काढून लगेच निकाल लावता येत नाही का?

कायदा त्याच दिशेने गेला आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं की मुद्देमाल ठाण्यात सडवू नका. पंचनामा करा, फोटो काढा आणि त्याची विल्हेवाट लावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४९७ ने मुदतीही घातल्या : माल कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्र, फोटो किंवा चित्रीकरण, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ ने बंधनकारक केलं आहे.

मोटारसायकल, धान्य, गुरं यांच्यासाठी हे उत्तम. बंदुकीच्या बाबतीत मात्र मी घाई करू नये म्हणेन. घोडा चालतो की नाही, नंबर खोडलाय का, हे फोटोवरून भांडता येत नाही. उलटतपासणीत वस्तू हातात लागते. आरोपी निर्दोष असेल तर त्याला तीच वाचवते.

निकाल लागल्यावर कोण ठरवतं?

निकालपत्राच्या शेवटी मुद्देमालाचा आदेश असतो. आपण वकीलही तो परिच्छेद नीट वाचत नाही. बंदुकीबाबत साधारण एवढंच लिहिलेलं असतं की अपिलाची मुदत संपल्यावर हत्यार नियमाप्रमाणे विल्हेवाटीसाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं. ‘अपिलाची मुदत संपल्यावर’ हे शब्द तिथे उगाच नसतात. अपिलात शिक्षा रद्द झाली तर सरकारजमा करण्याचा आदेशही आपोआप रद्द होतो, असं कलम ३२ मध्येच म्हटलं आहे. तोवर बंदूक विकली किंवा वितळवली असेल तर परत काय देणार?

यापुढचं काम पोलीस मुख्यालय आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा यांच्यात होतं. फायली अडकतात त्या इथेच. निकाल लागून गेला, आरोपी शिक्षा भोगून शेतीला लागला, आणि बंदूक तशीच ठाण्यात. नवीन ठाणेदार आला की त्याने यादी उतरवून घ्यायची आणि पुढच्याला द्यायची.

चांगली बारा बोर तोडाची काहून? इकली तं सरकारले पैसे भेटतीन.

हा प्रश्न विचारणारे मूर्ख नसतात. जनतेचा पैसा वाया जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांचं म्हणणं असं : जप्त ट्रॅक्टरचा लिलाव होतो, सागवानाचा होतो, रेतीचा होतो. कारखान्यात बनलेली, नंबर असलेली दुनळी बंदूक परवानाधारकाला विकली तर त्यात वाईट काय? परवानाधारक तशीही दुकानातून घेणारच आहे.

उत्तर मी तीन अंगांनी देतो. पहिलं पैशाचं. आपल्या एखाद्या जिल्ह्यात सरकारजमा झालेल्या हत्यारांचा ढीग उघडून पाहिला तर त्यात बहुतेक गावठी कट्टे आणि भरमार (नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुका) असतात, आणि ते विकताच येत नाहीत (पुढचा प्रश्न पाहा). विकण्याजोग्या बंदुका बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांची तपासणी, किंमत ठरवणं, लिलावाची जाहिरात, बोली लावणाऱ्याचा परवाना खरा की खोटा हे पाहणं, त्याच्या परवान्यावर नोंद, राष्ट्रीय नोंदीत बदल. एवढं सगळं करून हाती येणार किती? ठाण्याच्या मुद्देमाल खोलीला नवं लोखंडी कपाटही त्यात येणार नाही.

दुसरं, हिशेबाचं. रेतीचा लिलाव आपण कसा होताना पाहतो ते मला सांगायला नको. बोली आधीच ठरलेली, माणसं ठरलेली. तीच मंडळी बंदुकीच्या लिलावाला येतील. कागदावर एक बंदूक ‘निकामी, भंगार’ लिहिली गेली आणि प्रत्यक्षात चालू निघाली, तर ती कुठे गेली हे शोधणार कोण? विक्रीचा रस्ता उघडा ठेवला की जुन्या मालाची अदलाबदल करायला कारण मिळतं. तोडायचीच आहे म्हटल्यावर ती आशाच राहत नाही.

तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ज्या बंदुकीने गावात माणूस मेला ती लिलावात सुटून चार वर्षांनी बाजूच्याच गावात कोणाच्या खांद्यावर दिसली, तर मेलेल्याच्या घरच्यांनी काय समजावं? ट्रॅक्टरने अपघात झाला तरी तो शेत नांगरायचंच यंत्र राहतो. बंदुकीचं तसं नाही.

गावठी कट्टा तरी विकता येतो का?

नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह ठोकलेलं नाही असं अग्निशस्त्र विकताच येत नाही. सातपुड्यापलीकडून बुलडाणा-अकोल्याच्या बाजूने उतरणाऱ्या कट्ट्यावर नाव कुठलं? ‘मेड इन यूएसए’ ठोकलेला असतो कधीकधी, तोही स्पेलिंग चुकवून. शिवाय ती पाइपची नळी किती बार सोसेल याची शाश्वती नाही. चालवणाऱ्याचाच हात जायचा. कट्टा कापायचाच.

सरकारने जप्त हत्यारं कधी विकलीच नाहीत का?

विकलीत, आणि कोणाला विकली ते ऐका. १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. त्यामुळे कस्टमने पकडलेल्या परदेशी पिस्तुलांना भाव आला. ही पिस्तुलं खासदार आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना सवलतीत देण्याची पद्धत वर्षानुवर्षं होती. बाजारात त्याच पिस्तुलाची किंमत कितीतरी पट. पुढे माहिती अधिकारात खरेदीदार खासदारांच्या याद्या बाहेर आल्या आणि त्यात गुन्हे दाखल असलेली नावंही निघाली.

विक्री झाली की कोणाच्या पदरात पडते याचं उत्तर यात आलं. आपल्या भागातला तुरीवाला शेतकरी त्या यादीत नव्हता.

अमेरिकेत तर पोलीस उघड विकतात म्हणे?

काही राज्यांत, हो. केंटकी राज्यात जप्त बंदुकांचा लिलाव राज्य पोलीस करतात आणि त्या परवानाधारक विक्रेत्यांकडे जातात. ॲरिझोनाने २०१३ मध्ये कायदाच केला की पोलिसांनी अशा बंदुका नष्ट करू नयेत, विकाव्यात. तिथला युक्तिवाद ‘जनतेची मालमत्ता फुकट का घालवता’ हाच.

त्याचा परिणामही तिथेच दिसला. २०१० च्या जानेवारीत लास वेगासच्या कोर्टात आणि मार्चमध्ये पेंटागॉनच्या दारात गोळीबार झाला. दोन्ही ठिकाणच्या बंदुका पूर्वी टेनेसी राज्यातल्या मेंफिस शहराच्या पोलीस आणि न्यायालयीन यंत्रणेतून बाहेर पडल्या होत्या. एकदा जप्त होऊन सुरक्षित हातात आलेल्या बंदुका पुन्हा बाजारात गेल्या आणि फिरत फिरत नको त्या हातात पडल्या.

याची दुसरी बाजू आमच्या ‘नष्टच करा’वाल्यांनी वाचावी. २०२३ च्या अखेरीस तिथे उघडकीस आलं की पोलीस ज्या कंपन्यांकडे बंदुका नष्ट करायला देत होते, त्यातल्या काही फक्त नंबर असलेला एक भाग चिरडत आणि नळी, घोडा, दस्ता असे बाकीचे सुटे भाग विकून टाकत. कागदोपत्री बंदूक नष्ट, आणि घरबसल्या जोडायला भाग बाजारात. म्हणून ‘नष्ट केली’ या दोन शब्दांवर मी समाधान मानत नाही.

ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे ३५ माणसं मारली गेल्यावर लोकांकडून मोबदला देऊन साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका गोळा केल्या आणि नष्ट केल्या. पण आपल्याकडे प्रश्न तेवढा मोठा नाही, तेव्हा त्यांची उदाहरणं फार ताणू नयेत. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा हक्क आहे, आपल्याकडे ती परवान्याने मिळणारी सवलत आहे.

तोडतात म्हणजे नेमकं काय करतात?

देशभरात वेगवेगळ्या रीती आहेत : गॅस कटरने तुकडे करणं, रोडरोलरखाली चिरडणं, पोलाद कारखान्याच्या भट्टीत वितळवणं. रोडरोलरचा फोटो पेपरात छान येतो, पण चिरडलेल्या ढिगातून शाबूत घोडा उचलणारा हुशार माणूस सापडतोच. नळी, चेंबर आणि घोड्याची पेटी तिन्ही वेगळी कापावी आणि मग लोखंड भट्टीत जावं, हे मला बरोबर वाटतं. आपल्या विदर्भात पोलादाच्या भट्ट्यांची वाण नाही.

प्रत्येक हत्याराचा गुन्हा नंबर, कोर्टाच्या आदेशाची तारीख, नंबर असल्यास नंबर, कापण्याआधीचा आणि नंतरचा फोटो, हजर अधिकारी व पंच यांच्या सह्या. एवढा पंचनामा नसेल तर बंदूक नष्ट झाली असं मी मानणार नाही. एक पंच महसूल खात्याचा असावा, कारण पोलिसांनी पोलिसांचाच पंच घेणं बरं दिसत नाही.

काडतुसांचं काम वेगळं. ते बॉम्बशोधक व नाशक पथकाकडेच द्यावं. दारूगोळा नष्ट करताना काय होऊ शकतं हे आपल्या वर्धा जिल्ह्याने पाहिलंय : २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना माल नष्ट करायला उतरवताना स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. त्यात रोजंदारीवर पेट्या उचलणारे जवळच्या गावांतले मजूर होते. तो लष्करी माल होता आणि आपल्या ठाण्यातली दोन-चार काडतुसं त्यापुढे काहीच नाहीत, हे खरं. पण नुसतं साठवून ठेवणंही सुरक्षित नाही. १४ नोव्हेंबर २०२५ ला श्रीनगरच्या नौगाम ठाण्यात जप्त स्फोटकांचे नमुने घेताना स्फोट होऊन नऊ जण दगावले. ठाण्याच्या आवारात पोलीस लाइनची मुलं खेळत असतात, हे विसरू नये.

नक्षलवाद्यांकडून आलेली हत्यारंही वितळवायची का?

सरसकट नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती या नक्षली नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरणागती पत्करली तेव्हा ५४ हत्यारं आली. त्यात सात एके-४७ आणि नऊ इन्सास रायफली होत्या. अशा साठ्यात पोलिसांकडून आणि सुरक्षा दलांकडून लुटलेली हत्यारं असू शकतात. इन्सास सरकारी कारखान्यात बनते आणि नंबरावरून ती कोणत्या दलाची हे लागतं. ती मूळ मालकाची. तपासून, दुरुस्त होत असेल तर त्या दलाकडे जावी. हे विकणं नव्हे.

उरलेल्यांचं, म्हणजे जंगलात बनवलेल्या रायफली आणि भरमारींचं, लोखंडच करावं. एके-४७ तर नागरिकाला कोणत्याच परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे तिच्या विक्रीचा विषयच नाही.

आमच्या आज्याची भरमार माळ्यावर सापडली. परवाना नाही. आता काय करू?

पहिली गोष्ट, ती पिशवीत घालून एसटीने तालुक्याला आणू नका. रस्त्यात नाकाबंदीत सापडलात तर ‘जमा करायलाच नेत होतो’ हे कोर्टात सिद्ध करता करता नाकी नऊ येतील. विनापरवाना बंदूक बाळगल्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे.

आधी वकिलाला भेटा. मग पोलीस पाटलाला सांगून लेखी अर्ज द्या : अमुक दिवशी घर पाडताना, कौलं उतरवताना अशी वस्तू सापडली, आम्हाला ठेवायची नाही, येऊन पंचनामा करून घेऊन जावी. अर्जाची पोच घ्या. आपणहून दिली म्हणून गुन्हा दाखल होणारच नाही अशी हमी कायद्यात लिहिलेली नाही. पण लेखी अर्ज आधी असला की हेतूवर संशय घेणं अवघड जातं. गडचिरोलीत पोलिसांच्या आवाहनानंतर गावकऱ्यांनी भरमार बंदुका आपणहून नेऊन दिल्या आहेत. अशी मोहीम तुमच्या जिल्ह्यात निघाली तर ती वेळ साधा.

नळी गंजून बंद झाली, घोडाच नाही, दुरुस्त करूनही चालणार नाही, अशी वस्तू असेल तर कलम ४५ मध्ये सूट आहे. पण चालेल की नाही हे ठरवणारे तुम्ही नाही, तज्ज्ञ. घरी बार काढून पाहू नका!

वडील वारले, बंदूक त्यांच्या नावावर होती.

विनाविलंब ठाण्यात किंवा शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. नंतर वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. बाकी वारसांचं नाहरकत पत्र लागतं. परवाना नको असेल तर परवानाधारकाला विका. हा तुमचा हक्क आहे आणि मुदत चुकवून तो घालवू नका. वडील हयात असतील तर आणखी सोपं : शस्त्र नियम २०१६ प्रमाणे वयाची ७० वर्षं झाली किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली की वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज देता येतो.

आमचं मालगुजाराचं घर. तीन बंदुका होत्या.

मालगुजारी १९५१ ला गेली, बंदुका राहिल्या. डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, वारशाने आली तरी. तिसरी एका वर्षात जमा करायची होती. अजूनही घरात असेल तर आज रात्रीच वकिलाला फोन करा.

निवडणुकीच्या वेळी जमा केलेली बंदूक नष्ट करतील का?

नाही हो. आचारसंहितेत छाननी समितीने ठरवलेल्यांची शस्त्रं तात्पुरती ठेवून घेतात. निकालानंतर पावती दाखवून घेऊन या.

रानडुक्कर अन् रोही उभं पीक खाऊन रायले. पकडलेल्या बंदुका आमच्या शेतकऱ्याले देऊन टाका ना!

हा प्रश्न रागातून येतो आणि राग खोटा नाही. रात्रभर मचाणावर बसून डबे बडवणाऱ्याला कायदा शिकवायला गेलं की तो आपल्यालाच मचाणावर चढवतो. एका रात्रीत डुकरांच्या कळपाने लोळवलेला हरभरा मीही पाहिलाय.

पण कायदा पीकरक्षणाला बंदूक द्यायला नाही म्हणतच नाही. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही परवाना अधिकारी देऊ शकतात. अडचण परवान्यात आहे, बंदुकांच्या तुटवड्यात नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या १० किलोमीटर परिसरात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना मिळत नाही. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नागझिरा, टिपेश्वर यांच्याभोवती दहा-दहा किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहा, किती गावं त्यात येतात ते. शिवाय परवाना असला तरी वन्यप्राणी मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

म्हणजे जप्त बंदूक फुकट वाटली तरी ती हातात घेणारा पुन्हा आरोपीच होणार. मागायचंच असेल तर पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मागा, कुंपणाला अनुदान मागा, परवान्याच्या अर्जावर मुदतीत निर्णय मागा. आणि बंदूक नाही म्हणून धुऱ्यावर विजेची तार सोडणं बंद करा. त्या तारेने वाघही मरतो आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही.

वनखात्याने शिकाऱ्याकडून पकडलेली बंदूक कोणाची?

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं हत्यार राज्य सरकारची मालमत्ता ठरतं. तरी नुसत्या जप्तीने मालकी कायमची गेली असं समजू नये. याच कलमाखाली पकडलेल्या वाहनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मधुकर राव प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. दोषी ठरल्यास कोर्ट शस्त्रपरवानाही रद्द करू शकतं आणि पुढची पाच वर्षं नवा मिळत नाही. वनखात्याच्या डेपोत सागवानाशेजारी बंदुका ठेवू नयेत, लवकरात लवकर पोलीस शस्त्रागारात द्याव्यात, असं मला वाटतं.

मी निर्दोष सुटलो. बंदूक परत मिळेल?

परवान्याची असेल आणि परवाना जिवंत असेल तर मिळायला हवी. निकालपत्रात तसा आदेश मागून घ्या. विनापरवाना असेल तर सुटलात तरी मिळणार नाही. जी बाळगणंच बेकायदा, ती कोर्ट तुमच्या हातात कशी देईल?

तलवार, कोयता, विळा यांचं काय?

शेतीची अवजारं सोडून नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात मोडतं. विळा, कुऱ्हाड घेऊन शेतात जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. वाढदिवसाला केक कापायला ऑनलाइन मागवलेली तलवार मात्र जप्त होते, आणि तिलाही भट्टीच बरी.

भोसल्यांच्या काळातली बंदूक निघाली तर तीही तोडणार?

तोडू नये. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे. जुनं हत्यार नष्ट करायच्या यादीत टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाने एकदा नजर टाकावी. फक्त ‘पुराणवस्तू’ म्हणून साहेबांच्या बंगल्याच्या भिंतीवर लावायला कोणी मागितली, तर ती संग्रहालयाच्याच नोंदवहीत चढली पाहिजे.

आमच्या तालुक्यात किती बंदुका पडून आहेत, हे कसं कळेल?

माहिती अधिकारात विचारा. जनमाहिती अधिकारी, पोलीस अधीक्षक कार्यालय यांच्या नावे अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो, म्हणून भाषण लिहू नका. एवढं विचारा : निकाल लागून अपिलाची मुदत संपलेल्या गुन्ह्यांतली किती अग्निशस्त्रं ठाणेनिहाय शिल्लक आहेत, गेल्या पाच वर्षांत किती नष्ट केली, त्यांचे पंचनामे, एखादं विकलं किंवा हस्तांतरित केलं असल्यास कोणाला आणि कोणत्या आदेशाने.

‘तपासात बाधा येईल’ असं उत्तर आलं तर निकाली निघालेल्या गुन्ह्याला ते कारण लागू होत नाही, हे पहिल्या अपिलात लिहा. उत्तर मिळाल्यापासून, किंवा तीस दिवसांत उत्तर आलंच नाही तर ती मुदत संपल्यापासून, अपिलाला तीस दिवस असतात. त्यापुढे राज्य माहिती आयोगाची खंडपीठं नागपूर आणि अमरावती दोन्हीकडे आहेत. आपला जिल्हा कोणाकडे येतो ते पाहून अर्ज टाका, नाहीतर तो इकडून तिकडे फिरण्यातच सहा महिने जातात.